हार्मोनची गोळी आणि माझा शहाणपणा

आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याशेजारी एक पेन ठेवलेलं असतं. लिहायचं नाही, टोचायचं. त्यात अठ्ठावीस दिवसांचं औषध असतं. रोज सकाळी चहाच्या आधी आईच्या पोटावर चिमूट धरून ते टोचायचं, हे गेले पाच महिने आमच्या घरातलं नित्यकर्म आहे. सोमवार ते शुक्रवार बायको करते, शनिवार-रविवार माझी पाळी. (ऑन-कॉल ड्यूटी म्हणा हवं तर.)

गेल्या रविवारी मावशी आली होती. तिने ते पेन पाहिलं आणि विचारलं, "कसलं गं हे?" आई म्हणाली, "हाडांचं." मी उगाच शहाणपणा करून पुरवणी जोडली, "हार्मोनचं आहे मावशी."

झालं!

"अगं बाई, हार्मोन? त्याने कॅन्सर होतो म्हणतात ना? त्यापेक्षा नैसर्गिक काहीतरी घे की. नाचणीचं सत्त्व घे, डिंकाचे लाडू खा..."

मी बाह्या सरसावून उत्तर द्यायला बसणार, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "त्याला नको सांगूस. तोही वीस वर्षांपूर्वी हेच म्हणाला होता."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. आणि म्हणूनच या शनिवारी प्रोग्रामिंगवरचा ठरवलेला लेख बाजूला ठेवून हे लिहायला बसलोय.

आधी कबुलीजबाब. २००३ सालची गोष्ट. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आई-बाबा सांगलीला. आईच्या गर्भाशयात गाठी होत्या, अंगावरून खूप जायचं, हिमोग्लोबिन पार तळाला गेलेलं. तिथल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पिशवी काढली, आणि 'पुन्हा कटकट नको' म्हणून दोन्ही अंडाशयंही काढून टाकली. आईचं वय तेव्हा एक्केचाळीस. ती अंडाशयं काढायची खरंच गरज होती का, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. डिस्चार्जच्या कागदावर लोहाच्या गोळ्यांखाली आणखी एका गोळीचं नाव होतं. इस्ट्रोजेन. डॉक्टर बाबांना म्हणाले होते, "वय लहान आहे, काही वर्षं तरी घ्यावी लागेल. नाहीतर हाडं ठिसूळ होतील."

बाबांनी मला फोन केला, कारण घरात इंटरनेट कळणारा मी एकटाच. मी सायबर कॅफेत जाऊन तासभर शोधाशोध केली आणि जे सापडलं त्याने माझी पाचावर धारण बसली. अमेरिकेत हजारो बायकांवर चाललेला हार्मोनचा मोठा प्रयोग मध्येच थांबवला होता! स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त. हृदयविकार २९ टक्क्यांनी जास्त. पक्षाघात ४१ टक्क्यांनी जास्त. मी त्या बातमीची प्रिंट काढली, आकड्यांवर पिवळा हायलायटर फिरवला आणि कुरियरने सांगलीला पाठवून दिली. सोबत चिठ्ठी : "ही गोळी अजिबात घेऊ नकोस."

आईने घेतली नाही. मुलगा इंजिनिअर होणार होता ना!

२०२२ साली ओल्या फरशीवर पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. साठ वर्षांच्या बाईचं मनगट उभ्या उभ्या पडून का मोडलं, हे ना कोणी विचारलं, ना आम्ही विचारलं. गेल्या वर्षी गव्हाचा डबा उचलताना पाठीत कळ आली. आम्ही तीन आठवडे बाम चोळला, शेकलं, 'उसण भरली असेल' म्हणत बसलो. मग एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका दबून चपटा झाला होता. डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, तर टी-स्कोर उणे ३.४. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

त्या रात्री मी ज्या संशोधनाची बातमी आईला पाठवली होती, तो मूळ शोधनिबंध पहिल्यांदा पूर्ण वाचला. बावीस वर्षं उशिरा.

आता मुद्द्यावर येतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे इथलं वाचून कोणीही गोळी सुरू किंवा बंद करू नये. पण आकडे कसे वाचावेत याचे मला महिन्याला पैसे मिळतात, आणि मी घातलेला घोळ हा आकडे वाचण्यातलाच होता.

आधी थोडं हाडांबद्दल. आपल्याला वाटतं हाड म्हणजे घराचा पिलर, एकदा ओतला की संपलं. तसं नाही. तिथे आयुष्यभर दुरुस्तीचं काम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं भरतात. कुरतडणारी टोळी बेफाम होऊ नये म्हणून तिला लगाम घालायचं काम मुख्यतः इस्ट्रोजेन करतं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घसरतं, लगाम सुटतो, कुरतडणं भरण्याच्या पुढे धावतं, आणि पहिल्या काही वर्षांतच हाड झपाट्याने विरळ होत जातं. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते, पाश्चात्त्य बायकांची एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हे घड्याळ आधीच लवकर सुरू होतं. दोन्ही अंडाशयं काढली तर ते एका दुपारीत सुरू होतं.

हे ज्ञान काही नवं नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर अलब्राइट या डॉक्टरने १९४१ मध्येच दाखवलं होतं, की ठिसूळ हाडांचे त्याचे बहुतेक रुग्ण म्हणजे पाळी गेलेल्या बायका आहेत. त्याने इस्ट्रोजेनचा उपचारही सुचवला होता. म्हणजे सांगलीच्या त्या डॉक्टरांनी कागदावर जे लिहिलं, त्याच्यामागे साठ वर्षांचं शहाणपण होतं. माझ्यामागे होता सायबर कॅफे.

आता तो प्रयोग. नाव विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यातल्या एका भागात १६,६०८ बायका होत्या, वय ५० ते ७९, सरासरी ६३. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची एकत्र गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. मुख्य प्रश्न होता, या गोळीने हृदयविकार टळतो का? सरासरी पाच वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, धोका फायद्यापेक्षा जास्त दिसतोय म्हणून हा भाग थांबवला. बातमी जगभर गेली. गोळ्यांचा खप धाडकन पडला.

पिवळ्या हायलायटरमधला तो २६ टक्के आकडा खराच होता. पण तो कशाचे २६ टक्के? बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. औषध घेणाऱ्या दहा हजारांमागे ३८ जणींना. तीसवर आठ म्हणजे साधारण २६ टक्के वाढ. वाक्य एकदम बरोबर. पण दहा हजारांत आठ जास्त असं छापलं असतं, तर मी ती प्रिंट काढली असती का? हृदयविकाराचे सात जास्त, पक्षाघाताचे आठ जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचे आठ जास्त. उलट मोठ्या आतड्याचा कर्करोग सहा जणींना कमी आणि खुब्याचं हाड मोडणं पाच जणींना कमी.

ही आठ माणसं म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणत नाहीये. ज्या घरातली ती असतात त्या घरासाठी ती शंभर टक्केच असतात. आणि प्रामाणिकपणे बघायचं तर हाडांचा फायदाही याच मापाने मोजायला हवा. 'खुब्याचे फ्रॅक्चर ३४ टक्क्यांनी कमी' ही जाहिरात ऐकायला जेवढी भारी, तेवढाच 'दहा हजारांत पाच' हा आकडा किरकोळ. टक्केवारीचा खेळ दोन्ही पक्षांना खेळता येतो. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही बाजू एकाच फूटपट्टीने मोजा. धोका टक्क्यांत आणि फायदा नगांत (किंवा उलट) सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय. औषध नसेल तर निदान भीती.

पण माझी खरी चूक याहून मोठी होती. तो प्रयोग माझ्या आईवर नव्हताच!

बघा ना. त्या बायका सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या, पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या. आई एक्केचाळीसची, अंडाशयं महिन्यापूर्वी काढलेली. त्या दोन हार्मोनची गोळी घेत होत्या. आईला लिहून दिलं होतं फक्त इस्ट्रोजेन, कारण दुसरं हार्मोन देतात ते मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तराला कर्करोग होऊ नये म्हणून, आणि आईला गर्भाशयच उरलं नव्हतं. त्यांना आधीचं संरक्षण ओलांडून वरची भर मिळत होती. आईला मिळणार होतं तिच्या वयाला शरीरात असायलाच हवं होतं ते. वेगळं वय, वेगळं औषध, वेगळा प्रश्न. ऑफिसात कोणी दुसऱ्याच प्रॉडक्टच्या, दुसऱ्याच व्हर्जनचा बग रिपोर्ट दाखवून आमचं रिलीज अडवलं असतं, तर मी त्याला मीटिंगमध्ये सोलून काढला असता. आईच्या बाबतीत मात्र मी नेमकं तेच केलं.

आणि गंमत पुढेच आहे. (गंमत कसली डोंबलाची!) त्याच प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांचा स्वतंत्र गट होता, फक्त इस्ट्रोजेन घेणारा. तो २००२ मध्ये थांबवला नव्हता, चालूच होता. २००४ मध्ये तो थांबवला, कारण पक्षाघात वाढले होते, दहा हजारांमागे वर्षाला बारा जास्त. पण स्तनाचा कर्करोग? वाढला नाही. उलट थोडा कमीच दिसला. पुढे २०२० मध्ये वीस वर्षांचा हिशोब आला, त्यातही या गटात स्तनाचा कर्करोग कमीच होता. खुब्याची फ्रॅक्चर्स सहा कमी. ही बातमी २००४ मध्ये छापून आली होती. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, इंटरनेट टेबलावर होतं. तरी मी ती वाचली नाही. भीतीची बातमी आपल्यापर्यंत चालत येते, तिची दुरुस्ती आपल्याला शोधत जावं लागतं. मी गेलो नाही.

मग भीती अगदीच खोटी होती का? नाही. आणि इथे हार्मोनच्या भक्तांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून इस्ट्रोजेन म्हणजे चिरतारुण्याचं अमृत असल्यासारखं विकलं. पाळी जाणं हा जणू बाईचा दोष, आणि गोळी म्हणजे नवऱ्याच्या सोयीची दुरुस्ती! १९७५ मध्ये समजलं, की गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ज्याला वर्षानुवर्षं अमृत म्हणून विकलं, त्यालाच पुढे विष म्हणायला लोक तयार झाले, यात नवल नाही. गुठळ्यांचा धोका खरा आहे, विशेषतः पोटातून घ्यायच्या गोळीने. पक्षाघाताचा खरा आहे. दोन हार्मोन एकत्र घेतले तर वर्षं वाढतील तसा स्तनाच्या कर्करोगाचाही खरा आहे. ज्यांना हा कर्करोग किंवा गुठळ्या आधी होऊन गेल्यात, त्यांच्यासाठी हा रस्ता बहुधा बंदच. आणि पासष्टीच्या बाईला केवळ हाडांसाठी इस्ट्रोजेन नव्याने सुरू करा, असं आज कोणी जाणकार म्हणत नाही. त्या वयात इतर चांगली औषधं आहेत.

पण साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, बाकी तब्येत ठीक असलेल्या बाईसाठी? नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की त्रासदायक लक्षणं असतील किंवा हाडांची झीज रोखायची असेल तर फायद्याचं पारडं जड आहे. पाळी अकाली गेली असेल, ऑपरेशनने घालवली असेल, तर दुसरं काही आड येत नसताना निदान नैसर्गिक वयापर्यंत तरी हार्मोन द्यावं, यावर तर फारसा वादच उरलेला नाही. २०१७ मध्ये त्या मूळ प्रयोगातल्या बायकांचा अठरा वर्षांचा हिशोब आला. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत एकूण मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच, सत्तावीस टक्क्यांच्या आसपास. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे चौकटीतले इशारे काढण्याची घोषणा केली. तेवीस वर्षं! आता भीती घ्या बारदान्यात आणि अमृत काढा कपाटातून, असा दुसरा तमाशा सुरू होणार, याची मला खात्री आहे. त्यालाही बळी पडू नका.

माझा राग नेमका कशावर आहे सांगतो. 'काही न करणं' म्हणजे सुरक्षित, या समजुतीवर. "कशाला गोळ्या घ्यायच्या उगाच?" हे वाक्य आपल्या घरांमध्ये निर्णयासारखं वाटतच नाही. पण तो निर्णयच असतो. गोळी घेऊन काही झालं तर गोळीला दोष. गोळी न घेता मणका दबला, तर 'वय झालं'. न घेतलेल्या औषधाचे दुष्परिणाम कोणत्याही कागदावर छापत नाहीत. म्हाताऱ्या बायकांची पाठ वाकते, उंची कमी होते, हे आपण इतकं गृहीत धरलंय, की आजी म्हटलं की डोळ्यांसमोर वाकलेलीच येते. ती वाकलेली आजी म्हणजे दबलेले मणके आहेत हो! कोणी ते एक्स-रेत बघितले नाहीत, एवढंच.

आणि आपण निदान प्रिंटआउट काढून चुका करणारे लोक. ज्यांच्यापर्यंत हा वादच पोचला नाही, त्यांचं काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न पेपरांत गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातलं देशाचं प्रमाण साधारण तीन टक्के होतं. कित्येक जणी तिशीतल्या. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, आणि खाजगी दवाखाना सांगतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. (कॅन्सरची भीती बघा कशी दोन्हीकडे कामाला येते!) काही जणींची अंडाशयंही गेली. ज्यांची राहिली त्यांचीही पिशवी काढल्यानंतर बऱ्याचदा वेळेआधी थकतात. त्या बाईला पुढची पंधरा वर्षं डोक्यावर उसाची मोळी वाहायची आहे, आणि तिच्या मणक्यांमधलं हाड आतून विरत चाललंय. तिला कोणी इस्ट्रोजेनची गोळी लिहून दिली असेल? तिची डेक्सा कोणी केली असेल? तिथे 'हार्मोन चांगलं की वाईट' हा आपला ड्रॉइंगरूममधला वाद अश्लील वाटतो. आईला निदान गोळी लिहून दिली होती. ती नाकारायची चैन आम्हाला परवडली.

आता फ्रिजमधल्या पेनाबद्दल. त्यात आहे टेरिपॅराटाइड. आपल्या गळ्यात, थायरॉइडच्या मागे चार बारक्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या ८४ अमिनो आम्लांचं एक हार्मोन बनवतात. त्यातले पहिले ३४ म्हणजे हे औषध. आणि हे हार्मोन माझं सगळ्यात आवडतं झालंय, कारण त्याच्याकडे 'चांगलं की वाईट' या प्रश्नाचं उत्तरच नाही. शरीरात ते सतत जास्त राहिलं, जसं त्या ग्रंथीत गाठ झाल्यावर होतं, तर ते हाड खातं. तेच रोज एकदा थोडंसं, २० मायक्रोग्रॅम, टोचलं आणि काही तासांत उतरू दिलं, तर ते हाड बांधतं. रेणूचं काम तेच, फक्त वेळ बदलली. २००१ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत मणका आधीच मोडलेल्या १,६३७ बायका होत्या. साधारण पावणेदोन वर्षांत बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या १४ जणींचा नवा मणका मोडला, २० मायक्रोग्रॅमच्या गटात ५ जणींचा. इथे नगांतला आकडाही मोठा आहे, कारण मुळात धोकाच मोठा आहे. आईचा हिशोब या रांगेत बसतो, म्हणून आम्ही हो म्हटलं.

या औषधावरही इशारा होताच. उंदरांना लहानपणापासून जवळजवळ आयुष्यभर, मोठ्या मात्रेत दिल्यावर हाडांचा कर्करोग झाला होता. माणसांत बरीच वर्षं लक्ष ठेवूनही तशी वाढ दिसली नाही, म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये तो चौकटीतला इशारा काढला. हे औषध साधारण दोन वर्षं घेतात, आणि थांबवल्यावर लगेच दुसरं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर बांधलेलं हाड परत विरघळतं. (इस्ट्रोजेनचंही तसंच, बंद केलं की झीज पुन्हा सुरू.) म्हणजे रोज सुई, खर्चिक पेन, फ्रिजची चिंता. एक्केचाळिसाव्या वर्षी नाकारलेल्या स्वस्त हार्मोनच्या गोळीची भरपाई आता चौसष्टाव्या वर्षी महागड्या हार्मोनच्या सुईने चालली आहे. गोळी घेतली असती तर मणका नक्की वाचला असता का? नाही सांगता येत. पण तो प्रयत्न करायचा हक्क तिचा होता, आणि मी तो एका हायलायटरने खोडला.

जाता जाता आपल्या दुटप्पीपणाबद्दल. 'हार्मोन' हा शब्द डब्यावर दिसला की आपण दचकतो. पण तोच मावशीच्या पर्समध्ये साठ हजार युनिटचं डी जीवनसत्त्वाचं पाकीट असतं, ते ती प्रसादासारखं वाटते. "थकवा येतो? घे एक." शाळेत आपण ज्याला जीवनसत्त्व म्हणून पाठ केलं, त्याचं शरीरात रूपांतर होतं ते हार्मोनमध्येच! कमतरता असेल तर ते जरूर घ्यावं, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांच्या चाचणीत वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिलं, आणि २०१० मध्ये निकाल आला : त्या गटात पडणंही जास्त, फ्रॅक्चरही जास्त. तसंच कॅल्सिटोनिनचं. सॅमन माशाचं हे हार्मोन नाकात फवारायचं, सोपं, सुई नाही, म्हणून वर्षानुवर्षं हाडांसाठी दिलं गेलं. २००० सालच्या त्याच्या मुख्य चाचणीत १,२५५ पैकी ५९ टक्के बायका मध्येच गळाल्या, आणि तीन मात्रांपैकी फक्त मधल्या मात्रेत फायदा दिसला. कमीत नाही, जास्तीत नाही, मधल्यात हो? असला ग्राफ ज्युनिअरने दाखवला तर मी आधी डेटा तपासायला सांगीन. २०१२ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने हाडांसाठी ते वापरू नका असं सांगितलं, कारण दीर्घ वापरात कर्करोगाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसत होतं. म्हणजे ज्याला आपण घाबरलो त्याचे आकडे वाचले नाहीत, आणि ज्याला घाबरलो नाही त्याचेही नाहीत.

तर मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या आया आत्ता पंचेचाळीस ते साठच्या मध्ये आहेत. आणि घरातला 'इंटरनेट कळणारा' किंवा 'कळणारी' तुम्ही आहात. उद्या फोन येईल, "अरे, डॉक्टरांनी अमुक गोळी दिलीय, जरा बघ ना." तेव्हा फॅमिली ग्रुपवर आलेली लिंक पुढे ढकलायच्या आधी चार प्रश्न विचारा. हा अभ्यास कोणत्या वयाच्या बायकांवर होता? औषध हेच होतं का? हजारात किंवा दहा हजारांत किती जणींना अपाय, किती जणींना फायदा? आणि औषध घेतलं नाही तर काय होईल? चौथा प्रश्न कोणीच विचारत नाही. मीही विचारला नव्हता. आईची पाळी कधी गेली, हे तुम्हाला माहीत आहे का? मुलगे असाल तर नसेलच. लाज वाटली तरी विचारा. पिशवी काढली असेल तर अंडाशयं ठेवली की काढली तेही विचारा. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर प्लास्टरवर थांबू नका, डेक्सा करून घ्या. आणि हे सगळं डॉक्टरांसमोर बसून बोला, माझ्यासारखं कुरियरने नको.

शेवटचा निर्णय मात्र तिचा. आकडे समजावून सांगितल्यावर ती नाही म्हणाली, तर नाही.

काल रात्री हा लेख आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे. तेव्हा तू एकवीस वर्षांचा होतास."

मी म्हटलं, "पण तू एक्केचाळीसची होतीस. तुला काय वाटलं होतं तेव्हा?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला कोणी विचारलंच कुठे?"

असो. सकाळचे सात वाजत आलेत. पेन फ्रिजमधून काढायची वेळ झाली.